आवाजाची पेढी

९ जानेवारी

आईने आज पुन्हा फोन ठेवला. मी टॅबवर टाइप केलं — "आई, मी बोलतेय, जेवलीस का?" — आणि टॅबमधली ती गुळगुळीत बाई ते बोलली. पलीकडून आई म्हणाली, "आम्हाला काही घ्यायचं नाहीये." फोन बंद.

दादा नंतर तिला समजावत बसला म्हणे. अगं तुझीच लेक आहे, घशाचं ऑपरेशन झालंय, आता तिच्यासाठी मशीन बोलतं. आईचं एकच — "माझी पोर अशी बोलते होय? ती ओरडते."

खोटं नाही. आयुष्यभर लोकांना गाडी शिकवली. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून मऊ बोललं तर गाडी थेट खांबावर. तोच सूर घरात, तोच फोनवर. रोज सकाळी आईला फोन लावायचे आणि तिचं पहिलं वाक्य ठरलेलं — "ओरडू नकोस गं, ऐकू येतंय मला." तिला आता दिसत नाही. मला उपचार संपेपर्यंत लांबचा प्रवास नाही. म्हणजे आम्हा दोघींत उरला होता तो आवाजच, आणि तो पेढीने घालवला!

११ जानेवारी

पेढी म्हणजे आवाजाची पेढी. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढणार हे ठरल्यावर डॉक्टरच म्हणाले होते, आधी तिथे जाऊन आवाज साठवून ठेवा. कित्येक आठवडे काचेच्या बूथमध्ये बसून वाक्यं वाचली. "निळी छत्री दाराशी ठेवली आहे." "मावशींना बटाटे आवडत नाहीत." कोण मावशी, कुणास ठाऊक! ऑपरेटर सारखा चहाला पळायचा, मग मशीन आम्हीच सुरू करायचो, काचेवर चिकटवलेल्या गुलाबी कागदात बघून. त्या वाक्यांवरून ते माझा आवाज तयार करणार होते. मी टाइप करीन ते टॅब माझ्याच आवाजात बोलणार होता.

ऑपरेशन झालं. आवाज तयार व्हायच्या आत पेढीवर खंडणीखोर येऊन गेले. कॉम्प्युटरमधलं सगळं कुलूपबंद केलं आणि किल्लीचे पैसे मागितले. पेढीने पैसे मोजले, आलेली किल्ली लागलीच नाही. तेलही गेलं, तूपही गेलं.

आज पेढीचं पत्र. "अत्यंत प्रगत सायबर हल्ला." "आम्हीही या गुन्ह्याचे बळी आहोत." खाली बारीक अक्षरात — करारानुसार तिसऱ्या व्यक्तीच्या कृत्यास पेढी जबाबदार नाही.

नवरा म्हणाला, "सोड ना. चोरांपुढे ते तरी काय करणार?" मी टॅबला हातही लावला नाही, नुसतं बघितलं त्याच्याकडे. म्हणाला, "बरं, वकील शोधतो."

१९ जानेवारी

वकील शोधावी लागलीच नाही. माझीच जुनी विद्यार्थिनी! रिव्हर्स घेताना माझा इतका ओरडा खाल्लाय तिने की विसरणं शक्य नाही. टॅबमधली बाई बोलायला लागली तसं तिने हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "मॅडम, हा तुमचा आवाज नाही." आणि रडली. मी टाइप केलं — रडायचे पैसे देणार नाही. तेव्हा कुठे हसली.

तिचं म्हणणं असं. चोर आला यात पेढीचा दोष नाही. पण दुसऱ्याची ठेव घेऊन बसला असाल तर कडी नीट लावायलाच हवी. लावली नव्हती हे सिद्ध केलं की करारातली बारीक अक्षरं उपयोगाची नाहीत. पेढीने माहितीपत्रकात छापलंय, "आपला आवाज दोन ठिकाणी जतन." तिने त्याखाली लाल रेघ मारली.

२ फेब्रुवारी

दावा दाखल. माझ्यासोबत आणखी दोघं. एक मास्तर, शाळेतून निवृत्त. दुसरा लिलाववाला — बोली पुकारून पोट भरायचा. दोघांच्या टॅबमध्ये एकच पुरुष, त्यामुळे वकीलबाईंच्या ऑफिसात त्यांचं भांडण झालं तर एकच माणूस स्वतःशी वाद घालतोय असं वाटतं. हसता हसता माझ्या हातातलं पाणी सांडलं.

मास्तरांनी विचारलं, तुम्हाला आवाज कशाला हवाय? मी लिहिलं, आईला फोन करायचाय. ते म्हणाले, मला नातवाला दटावायचंय, या आवाजाला तो घाबरतच नाही.

१० फेब्रुवारी

पुन्हा गाडीत बसायला लागले. बोलता येत नाही तर काय, छडी आहे! डॅशबोर्डवर एक टक म्हणजे ब्रेक. दोन टकटक म्हणजे क्लच. टकटकाट म्हणजे उतर खाली आणि घरी जा.

ब्रेकबाई अजून शिकतेच आहे. शिंपीण आहे, शिलाई मशीन वाऱ्यासारखं चालवते, पण गाडीत बसली की समोर चिमणी दिसली तरी ब्रेक. परीक्षेत कितीदा नापास झाली ते तिला विचारू नये. आज उतरताना म्हणाली, "मॅडम, तुम्ही ओरडायचात ना, तेव्हा जरा बरं चालवायचे हो मी." हिला पहिल्या दिवसापासून मी घालूनपाडून बोलले, आणि हिला त्याचीच आठवण येते!

२६ फेब्रुवारी

आई पडली. हाड मोडलं नाही, पण अंथरुणातच आहे. दादा म्हणाला, सारखं तुझं नाव घेते. फोन लावला. टॅबमधली बाई म्हणाली, "आई, मी आहे." आई दादाला विचारते — "ही कोण रे? माझ्या पोरीचं काही बरंवाईट झालं का? खरं सांग मला."

मी जिवंत आहे आणि माझी आई माझ्या काळजीने रडतेय. राग राग झाला माझा. पेढीला बघून घेतेच आता.

१८ मार्च

पहिली सुनावणी. वाईट गेली.

पेढीचा मालक — मी त्याला मधाळ म्हणते, इतका गोड बोलतो मेला — स्वच्छ रुमालाने डोळे पुसत होता. "आमचं आयुष्यभराचं काम चोरांनी नेलं, साहेब." न्यायाधीशबाईंचा चेहरा मऊ झालेला दिसला मला. त्याचा वकील, टाय लावून, म्हणतो, "घरफोडी झाली तर घरमालकाला शिक्षा करतात का?"

मला इतकं बोलायचं होतं! पण टाइप करेपर्यंत मुद्दा पुढे गेलेला. टॅबमधली बाई उशिरा म्हणाली, "घर त्याचं होतं, दागिने आमचे होते." कोर्टात हशा पिकला. पण बाई ते अशी बोलली की जणू पुढची गाडी पाच नंबरला लागणार आहे. माझ्या आवाजात छप्पर उडालं असतं.

घरी येऊन कुणाशी बोलले नाही. नवरा म्हणाला, "तशीही..." आणि पुढे जीभ चावली. मग दोघंही हसलो.

८ एप्रिल

आज! आज! सगळं लिहिणारच.

कोर्टाने नेमलेला तज्ज्ञ आधी साक्षीला आला. बारीकसा माणूस, एकसुरी बोलणारा. म्हणाला, दोन ठिकाणी जतन हे खरं नाही. एकाच मशीनमध्ये दोन जागा केल्या होत्या. एकाच कपाटाचे दोन कप्पे, म्हणून कुलूप लागलं ते दोन्हींना लागलं. मग म्हणाला, चोरांनी काहीही फोडलेलं नाही. पासवर्ड टाकून सरळ आत आले. पेढीत सगळीकडे एकच पासवर्ड — ऑफिसला, बूथना, आणि बाहेरून कनेक्शन घ्यायचं त्यालाही.

बूथना. मी ताठ बसले. मला वाटायचं तो पासवर्ड नुसता रेकॉर्डिंगच्या मशीनचा. शेजारी लिलाववाला पण ताठ झालेला दिसला.

मग मधाळ उभा राहिला. तोच रुमाल. म्हणे, "तो पासवर्ड अत्यंत गोपनीय होता. मी आणि माझा तांत्रिक अधिकारी, दोघांनाच ठाऊक. चोरांनी तो कुठल्या तरी भयंकर तंत्राने मिळवला असणार."

वकीलबाई म्हणाली, "काय होता तो पासवर्ड?"

"ते सांगता येणार नाही."

न्यायाधीशबाईंनी विचारलं, "हल्ल्यानंतर बदललात ना?"

"हो, अर्थात."

"मग आता सांगायला काय हरकत आहे?"

मधाळने आपल्या वकिलाकडे बघितलं. वकिलाने टाय सारखा केला. तेवढ्यात माझं टाइप करून झालं होतं. बटण दाबलं, आणि टॅबमधली गुळगुळीत बाई भर कोर्टात म्हणाली,

"नमस्कार एक दोन तीन."

लगेच मागोमाग मास्तरांचा टॅब, "नमस्कार एक दोन तीन." आणि त्याच पुरुषाच्या आवाजात लिलाववाल्याचा, "नमस्कार एक दोन तीन." लिलाववाल्याने आणखी दोनदा बटण दाबलं. सवय आहे ना, तीनदा पुकारायची!

कोर्ट हसलं. न्यायाधीशबाईंनी मला विचारलं, तुम्हाला कसं माहीत? मी लिहिलं — बूथच्या काचेवर गुलाबी कागदावर होतं. ऑपरेटर चहाला जायचा. आलेल्या प्रत्येक पेशंटने वाचलंय. मास्तरांनी मान डोलावली आणि त्यांच्या टॅबने भर घातली — "अक्षर मात्र सुवाच्य होतं."

मधाळचा रुमाल खिशात गेला तो परत बाहेर आला नाही.

२२ एप्रिल

जिंकलो! जिंकलो, जिंकलो!

निकालातलं एक वाक्य वकीलबाईने मला दोनदा वाचून दाखवलं. चोरी करणं हा चोराचा गुन्हा, पण दुसऱ्याची ठेव घेऊन दार उघडं टाकणं ही ठेव घेणाऱ्याची जबाबदारी. बारीक अक्षरं रद्द. भरपाई द्यायची, सगळ्या ग्राहकांना खरं काय घडलं ते कळवायचं. आणि ज्याच्याकडे आपलं जुनं रेकॉर्डिंग असेल त्याचा आवाज दुसऱ्या चांगल्या संस्थेकडून, पेढीच्या खर्चाने, नव्याने बनवून द्यायचा.

कोर्टाच्या पायऱ्यांवर लिलाववाल्याने माझा हात वर उचलून धरला. मास्तर पेढे मागत होते, म्हणजे त्यांचा टॅब मागत होता. नवऱ्याने मला भर रस्त्यात मिठी मारली. जन्मात कधी नाही ते! वकीलबाईने गाडी रिव्हर्समध्ये काढली, एकदम झकास. मी टपावर थाप मारली.

२३ एप्रिल

लिलाववाल्याचे जुने लिलाव कुणी कुणी मोबाइलवर घेतलेले आहेत. मास्तरांची शाळेच्या कार्यक्रमातली भाषणं आहेत. माझं काय? लग्नाच्या व्हिडिओत मी नवरी, तोंड मिटून. गाडीत नवऱ्याने बसवलेला कॅमेरा होता, पण महिन्या-महिन्याला त्यावरचं आपोआप पुसलं जातं. नवऱ्याने सगळे जुने फोन धुंडाळले. फोटो, फोटो, फोटो. त्याला म्हटलं, एवढी बडबडत होते तर कुणी धरून का नाही ठेवलं? तो म्हणाला, "बंद पडेल असं कुणाला वाटलं होतं?"

तिकडे आई अजून पडूनच आहे. आता विचारत पण नाही, असं दादा म्हणाला. केस जिंकले त्याची मिठाई कपाटात तशीच आहे.

२९ एप्रिल

ब्रेकबाई आज वेळेआधीच आली. हातात शिवणाचा डबा. त्यात बटणं, रिळं, आणि दोन पेनड्राइव्ह.

म्हणाली, "मॅडम, रागावू नका हं. दर तासाचा व्हिडिओ मी सरांकडून मागून घ्यायचे. घरी कपडे शिवताना लावून ठेवायचे. तुमचा ओरडा ऐकून ऐकून पाठ होईल, असं वाटायचं. पेपरात तुमची बातमी वाचली आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला."

नवरा ओशाळा. "द्यायचो खरा. पार विसरलो की गं!" त्याच्याकडे मी नंतर बघणार आहे.

दोन का, असं मी टाइप केलं. म्हणाली, "एक हरवला तर? एक घरी असतो, एक बहिणीकडे." पेढीने जे छापलं होतं ते या बाईने खरोखर केलं होतं! मी तिला तिथेच गाडीत मिठी मारली आणि तिने सवयीने ब्रेक दाबला.

लावून ऐकलं. "क्लच! क्लच गं बाई! खांब दिसतोय ना? तो हलणार नाही, तुलाच वळायचंय!" तासन्‌तास हेच. माझा आवाज. मी खूप रडले. नवरापण.

२० मे

नव्या संस्थेचा माणूस चाचरत म्हणाला, आवाज तयार आहे, पण मॅडम, एक अडचण. रेकॉर्डिंग सगळं ओरडतानाचं, त्यामुळे साधं वाक्यसुद्धा जरा... चढ्या आवाजात येतं. थोडं मऊ करून देऊ का?

मी लिहिलं, खबरदार!

२१ मे

सकाळी फोन लावला. दादाने आईच्या कानाशी धरला. मी बटण दाबलं — "आई, मी बोलतेय, जेवलीस का?" पलीकडे खाट करकरली. मग ती म्हणाली, "ओरडू नकोस गं. ऐकू येतंय मला."