आत्याबाईंचे लाडू

तीर्थरूप आत्याबाई,

शिरवळहून तुमच्या सुनेचा नमस्कार.

"पाळणा लांबवायची गोळी खाऊन दूध आटंल, पोरगी वाळंल," म्हणत विट्याला परतताना तुमी माझं गोळ्यांचं पाकीट घंटागाडीत टाकलंत. मी नवं आणलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दूध कमी करणारं इस्ट्रोजेन या गोळीत न्हाईच. फक्त रोज एकाच येळी घे, मधी खाडा नको." तवापासनं सांजंला दिवा लावला की घेते.

काल अंगणवाडीत आपली शिवांजली सगळ्यात वजनदार निघाली! तुमी गल्लीभर सांगितलंत म्हणं, "माझ्या अळिवाच्या लाडवांचा गुण!"

व्हय आत्याबाई, लाडू लय गुणाचे. म्हणून तर हे पत्र धाडत न्हाई; गुण लाडवांचाच ऱ्हाऊ दे, गोळीचं माझ्यापाशी. दुसऱ्या बाळंतपणाचे कवा वळायचे, ते मी कळवीन.

तुमची लाडकी,
संयोगिता