हाताला कळलेलं इंजिन

प्रिय ठकू,

सगळ्यात आधी जावईबापूंची पाठ कशी आहे ते कळव. खुर्चीत उशी घेऊन बसतात का, की पाठीपेक्षा स्वभावच जास्त ताठ आहे अजून? विहीणबाई काठीशिवाय स्वयंपाकघरापर्यंत जायला लागल्या हे कळून बरं वाटलं. त्यांना म्हणावं, घाई करू नका, गुडघा नवा असला तरी बाकीची गाडी जुनीच आहे. मोठ्याचा खोकला गेला का? धाकटीचे पुढचे दोन्ही दात एकदम पडले आणि ती आता बोलताना शिट्टी वाजवते, असं तुझी आई सांगत होती. आणि तू कशी आहेस? तुझं शेवटी विचारतो, कारण तुझी खोडच आहे, गावाचं सगळं सांगायचं आणि स्वतःवर आलं की "मी मजेत" म्हणून मोकळं व्हायचं. तसलं उत्तर चालणार नाही.

इकडे तुझी आई ठणठणीत. साखर जरा वर गेली होती, पण ती डॉक्टरशी इतकं गोड बोलली की त्याने बिचाऱ्याने गोळी वाढवलीच नाही. आत्याचा मोतीबिंदू निघाला. तिला आता घरातली सगळी जळमटं दिसायला लागली आहेत आणि आमच्या जिवाला घोर लागलाय. मी आहे तसाच आहे.

आता मुद्द्याचं. "गॅरेज बंद करा आणि आमच्याकडे राहायला या, असं मी म्हटल्यापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत, फोन लावला की आईच्या हातात देऊन उठून जातात," असं तू आईला म्हणालीस म्हणे. रडलीसही म्हणे. वेडी का खुळी तू? बापाला वाईट वाटेल असं काय बोललीस? उलट बोलावणारं कुणी आहे याचंच माणसाला या वयात अप्रूप असतं. पण गॅरेजबद्दल हो म्हणायचं की नाही, हे माझं मलाच कळत नव्हतं. मधे एक गाडी आली आणि बरंच काही उलगडलं. तेव्हा राग बाजूला ठेव, पाय पसरून बस, आणि आधी त्या गाडीचं वाच. तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिच्याच वाटेने येणार आहे.

तुला आठवतं, लहानपणी तू गॅरेजात यायचीस तेव्हा मी रबरी नळीचं एक टोक तुझ्या कानाला लावायचो? दुसरं टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी. ज्या गाडीला दोन कार्बोरेटर असतात तिथे दोन्हीकडची फुसफुस सारखी आली पाहिजे. एक जोरात आणि एक हळू असेल तर इंजिन लंगडतं. तू ऐकायचीस आणि म्हणायचीस, "बाबा, हा झोपलाय आणि तो घोरतोय." मग मी घोरणाऱ्याचा स्क्रू चिमूटभर फिरवायचो. शाळा सुटली ती सातवीत, पण कान मात्र देवाने उघडे दिले होते. रस्त्यावरून गाडी गेली की चहाचा घोट घेता घेता सांगायचो, दुसऱ्या नंबरचा प्लग मिस मारतोय. त्यावरूनच लोकांनी "कानवाले" हे नाव पाडलं. पाटीवर दुसरं काहीही असो, पत्ता विचारताना लोक कानवाल्यांचंच गॅरेज विचारतात.

दातांच्या डॉक्टरीणबाई आठवतात ना? ज्यांच्या दवाखान्याच्या पायरीवरून तू दोनदा पळून गेली होतीस. त्यांची ती जुनी, डोळे मोठे करून बघणारी हिरवी गाडी अजून त्याच चालवतात. दवाखाना बंद केला, केस पांढरे झाले, पण स्टिअरिंग दुसऱ्याच्या हाती देत नाहीत. परवा बाई ती घेऊन आल्या, तर मागे काळ्या धुराचा पडदा. समोरच्या बेकरीवाल्याने फळीवरचे पाव झाकून घेतले. बाई उतरल्या आणि म्हणाल्या, "मिस्त्री, तीन ठिकाणी दाखवली. तिघंही म्हणतात, ते इंजेक्शन फेकून द्या आणि कार्बोरेटर बसवा. तुम्हीही तेच म्हणणार असाल तर आत्ताच म्हणा, म्हणजे मी बसायच्या आधीच उठते."

आता हे इंजेक्शन म्हणजे हल्लीच्या गाड्यांसारखं नाही बरं का. हे त्यांचं पणजोबा. कार्बोरेटर कसा असतो, तर जुन्या हाताची सुगरण. माप नाही, चमचा नाही. इंजिनने श्वास ओढला की त्या ओढीने पेट्रोल आपसूक वर येतं, सगळा अंदाज. हात बसलेला असेल तर चव फक्कड, पण थंडीत रुसणार आणि चढावर धापा टाकणार. म्हणून कुणीतरी विचार केला, की इंजिनला किती पेट्रोल हवं ते विजेनेच मोजावं आणि बारीक झडप उघडून नेमकं तेवढंच आत सोडावं. पहिल्यांदा ज्यांनी ते गाडीत घातलं त्यांची फजितीच झाली. डोकं शंभर नंबरी चाललं होतं, पण त्या काळचे विजेचे नाजूक भाग ऊन, थंडी आणि हादरे सोसायला तयार नव्हते. हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या गाड्या गेल्या, आणि त्यातल्याही बहुतेकांना पुन्हा कार्बोरेटर बसवून द्यावे लागले. कल्पना वयात यायच्या आधीच तिचं लग्न लावलं, दुसरं काय!

नंतर दहाएक वर्षांनी दुसऱ्यांनी ती उचलून धरली. तोवर ट्रान्झिस्टर चांगले पिकले होते. बाईंची गाडी त्या पिढीतली. तिच्यात पोळीच्या डब्याएवढी एक पेटी असते, ती हिशोब करते. पण पेटीला डोळे कुठे आहेत? तिला सांगणारा वेगळाच. इंजिनच्या श्वासनळीला जोडलेलं एक धातूचं डबडं, त्याच्या पोटात फुगणाऱ्या-आकसणाऱ्या चपट्या चकत्या. दाब वाढला की ते पेटीला कळवतं, इंजिनवर ओझं आलंय, जरा जास्त वाढ. दाब घटला की, पुरे. पुढे लोकांनी दाबाचं सोडून हवेच्या वाटेत झुलत्या दारासारखी एक फडकी बसवली, हवा तिला किती ढकलते ते बघून माप. मग फडकीही गेली, एक तापलेली तार आली. हवेने ती किती थंड होते त्यावर हिशोब. आणि शेवटी धुराच्या नळीलाच नाक बसवलं, म्हणजे वास घेऊन पेटी आपली चूक आपणच सुधारते. हे सगळं मी जुन्या मॅन्युअलात शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलंय. एकेका पानाला एकेक आठवडा गेला. तुझी आई म्हणायची, "इतकं डोळे फोडून कुणी देवाचं पुस्तक वाचलं असतं तर एव्हाना दर्शन झालं असतं."

खरं सांगायचं तर आमच्या धंद्याने या बिचाऱ्या पहिल्या पिढीला कायम पाण्यातच पाहिलं. जरा खोकली की फेका, कार्बोरेटर लावा, वर ग्राहकाला सांगा, आता बघा कशी पळते. तेच सोपं. मीही तेच केलं असतं. पण या खेपेला मी बाईंना म्हटलं, बसा, फेकायचं नाही. का म्हटलं ते मागाहून सांगतो. बाईंना इतकं नवल वाटलं की त्या खरंच बसल्या, तेही टायरांच्या ढिगावर.

आधी इंजिन चालू ठेवून इंजेक्टर बघितले. प्रत्येक झडप उघडताना टक् करते. बाकीचे मिस्त्री लांब स्क्रू-ड्रायव्हर तिच्यावर टेकवून मूठ कानाला लावतात. मी नुसतं बोट टेकवलं. वैद्य नाडी बघतो तसं. चारही लागले, एकसारखे. म्हणजे वाढणारे हात धड आहेत, निरोपच चुकीचा जातोय. मग ते डबडं काढलं, हातपंपाने त्यातली हवा ओढली आणि पंपावरच्या काट्याकडे बघत बसलो. काटा जागेवर राहायला हवा. तो आपला रांगत रांगत शून्यावर आला. आतला पातळ पडदा तडकला होता. त्यामुळे इंजिन जेवून तृप्त झालं तरी डबडं पेटीला सांगतंय, पाहुणा उपाशी आहे, वाढा अजून! आणि पेटी बिचारी वाढतेय. धूर येईल नाही तर काय?

नवं डबडं कुठून मिळणार? भंगारवाल्याच्या गोदामात अर्धा दिवस घालवला. तो म्हणाला, "कानवाले, सोन्याची खाण शोधताय का?" म्हटलं, खाण नको, एक मेलेलं डबडं दे. मिळालं. त्याची आतली गुंडाळी जळालेली, पण पडदा शाबूत. दोन्ही उघडली, त्याचा पडदा याच्यात बसवला, आतल्या स्क्रूची जागा रेघ मारून जपली. मग धूर तपासणाऱ्याकडून त्याचं यंत्र मागून आणलं, म्हणजे पेट्रोल कमी की जास्त ते आकड्यात दिसतं. तुझी आई डबा घेऊन आली होती, ती बघून म्हणाली, "इतकी बारीक नजर घरातल्या गळक्या नळाकडे कधी गेली नाही." तिचंही बरोबर आहे.

बाईंनी किल्ली फिरवली. मी हात इंजिनच्या झाकणावर ठेवून उभा होतो. तळव्याला आधी दोन-चार झटके लागले, मग अंगावरून मांजर गेल्यासारखी एकसारखी थरथर. यंत्राचा आकडा खाली सरकत सरकत हवा तिथे येऊन थांबला. मागे धुराचं नाव नाही. बाई खिडकीतून काहीतरी बोलत होत्या, मी मान डोलावत होतो. तेवढ्यात त्यांनी इंजिन बंद केलं, खाली उतरल्या, माझ्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "मिस्त्री, तुम्ही मघापासून माझ्या तोंडाकडे काय बघताय? लोकांच्या तोंडाकडे बघायचं काम माझं." मी हसण्यावारी न्यायला गेलो. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आत्ता मी तुमच्या कामाला तीनदा नावं ठेवली. गाढवानेसुद्धा यापेक्षा बरी दुरुस्ती केली असती असं म्हटलं. आणि तुम्ही तिन्ही वेळा 'हो हो' म्हणालात." मी खाली टायरावर बसलो. बाई शेजारच्या टायरावर बसल्या. मग त्यांनी माझा हात हातात घेतला, ग्रीस लागेल याची पर्वा न करता, आणि पुन्हा तोंड माझ्याकडे करून सावकाश म्हणाल्या, "काम उत्तम झालंय. हे मात्र ऐकू आलं ना?" ऐकू नाही आलं, पण दिसलं.

तर ठकू, असं आहे. दीड-दोन वर्षं झाली, माझे कान जात चालले आहेत. डावा जवळजवळ गेलाच. गेल्या हिवाळ्यात कानाने लावलेले कार्बोरेटर एकामागून एक परत यायला लागले. टॅक्सीवाला म्हणाला, "उस्ताद, गाडी आहे की म्हैस, किती पिते!" मी पेट्रोलला दोष दिला, प्लगला दिला. बाईंच्या गाडीला कार्बोरेटर नको म्हटलं ते शूरपणाने नाही. तो मला आता लावता आला नसता. काट्यावर आणि बोटावर जमेल असं तेवढंच एक काम समोर होतं. तुझ्या आईला सगळं माहीत आहे, तुला सांगायचं नाही अशी शपथ मीच घातली होती. ती म्हणते, इतकी वर्षं हा माणूस माझं ऐकत नव्हता, आता निदान कारण तरी मिळालं. कार्बोरेटरची कामं मी समोरच्या मिस्त्रीला देऊन टाकली. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. गॅरेज मात्र एवढ्यात बंद करत नाही. मापाने होणाऱ्या जुन्या इंजेक्शनच्या गाड्या बघत जाईन, चार महिने तुझ्याकडे आणि बाकीचे इथे, तुला चालणार असेल तर. बाईंनी तुमच्या शहरातल्या कानाच्या डॉक्टरच्या नावाने चिठ्ठी दिली आहे. कानात घालायचं यंत्र बसेल म्हणतात. तिथे मला एकट्याला जायचं नाही, तू बरोबर हवीस. आणि फोनचं म्हणशील, तर तू बोलतेस एवढंच त्यात कळतं, काय बोलतेस ते नाही. म्हणून तो आईच्या हातात देतो. पण उठून जात नाही गं, ते तुला चुकीचं वाटलं. समोरच्या खुर्चीत बसतो आणि तिच्या चेहऱ्याकडे बघतो. तू तिकडे हसलीस की ती इकडे हसते, तेवढं मला मिळतं. त्या दिवशी तिचे डोळे भरले, तेव्हा मी घाबरलो आणि हा कागद घेतला. फोन करू नकोस. सगळं लिही, रागाचंही लिही, अक्षर मोठं काढलंस तरी चालेल, पण लवकर लिही. मी वाट बघतोय.

तुझाच,
बाबा