बाटलीत पाणी घालण्यापूर्वी

सिदोआर्जो, मंगळवार

चि. मुर्तिनीस,

सलाम आणि आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? यजमानांचा खोकला गेला, की अजून त्यांच्यासोबत मशिदीपर्यंत जातो? सूनबाईंची उलटी थांबली का? नातवाचे दात आले का?

इकडे माझी लेक लारस्ती कारखान्यात भांडी घासायचा साबण संगणकात बनवते. (मी जन्मभर तोच साबण पिंपात वल्ह्याने ढवळला, ही खुर्चीत बसून ढवळते आणि ओढणीला थेंब लागत नाही.) साबण उन्हात फाटेल का, बाटलीतून कसा ओघळेल, हे तिला पडद्यावर आधीच दिसतं. यंदा तिने दाट साबण काढला, निम्म्या बाटलीत पूर्ण बाटलीचं काम. मालक गुनार्सोसाहेब म्हणाले, चालला तर पोरीची नोकरी पक्की, नाहीतर संगणकही नको आणि पोरगीही नको. पडद्यावर तर तो मधासारखा वाहत होता. मला कुठला धीर! भिशीत नमुन्याच्या बाटल्या मिरवत वाटल्या. आता आपल्याकडे साबण कुणी तसाच वापरतं का? हातात आला की पाणी घालून वाढवायचा. सगळ्यांनी घातलं, हलवलं, आणि पातळ व्हायच्या ऐवजी त्याची जेली झाली. बाटली उलटी केली तरी ढिम्म. शेजारची तुमिनाह म्हणाली, "सुकेसी, चमचा दे गं, नारळाचं दूध घालून खाते."

लारस्तीला सांगितलं तर ती पांढरीफटक पडली. दुसऱ्या दिवशी मोठं पिंप भरायचं होतं. (पिंप धुतानाही पाणीच घालतात, साबण आतच बसला असता.)

"आई, बाटलीत पाणी कोण घालतं?"

"तू सोडून सगळा देश."

मग तिने पिंप थांबवलं आणि संगणकातल्या साबणाला पहिल्यांदाच थोडंथोडं पाणी पाजलं. पडद्यावर साबणाचे कण रचलेल्या काठ्यांसारखे एकमेकांना चिकटून बसलेले! ती घटक बदलत राहिली, तेव्हा कुठे ते सुटे होऊन वाहू लागले. नंतर खऱ्या भांड्यातही तसंच झालं. काल साहेबांनी स्वतः पाणी घालून बाटली हलवली, उलटी केली, बूट भिजवून घेतले आणि हसले. नोकरी पक्की. मी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

तुझी थोरली,
सुकेसी

ता. क. पाणी घालून बघायची युक्ती माझीच, असं मी भिशीत सांगितलंय. लारस्तीला कळवू नकोस.

आणखी एक. तुला पाठवलेल्या पेटीत केळ्याच्या वेफर्सखाली सहा बाटल्या आहेत, त्या पहिल्याच साबणाच्या. पाणी घालू नकोस. घातलं असशील (घातलंच असशील), तर बादलीभर पाण्यात सोडून ठेव, मोरीत मात्र ओतू नकोस. मोरी तुंबली का, ते ताबडतोब लिही.