आंघोळ घातलेली डिस्क

चेरीताल, जबलपूर
४ ऑक्टोबर २०२५

चि. सौमित्र,

आजीचा आशीर्वाद. इथे सगळे जिवंत आहेत. माझे गुडघे होते तसेच. फोन केला असता, पण तुझा बाप कान लावून बसतो, म्हणून चौथी पास अक्षरात लिहून राहिले. लावून वाच.

तू पाठवलेल्या दोन मोठ्या डिस्का पोचल्या. घरभराचे फोटो जिच्यात ठेवता ती पेटी तुझ्या बापाने, आलोकने, उघडली. आतून झुरळ निघालं अन् धुळीचा गोळा. शी! अन् मला म्हणतो, हात लावू नको, मशीन आहे. आत दोन जुन्या डिस्का, दोन्हींत सगळं सारखंच. त्यातली एक काढून नवी घातली. दुसऱ्या जुनीवरून तिच्यात सगळं उतरेपर्यंत त्या जुनीला हलवायचं नाही, हे मला तीनदा ऐकवलं. जशी मी बहिरी.

त्या दिवशी खंडेनवमी. आपलं घर फॅक्टरीवाल्यांचं. आजोबांचे पाने-पेचकस दरवर्षी धुऊन पुजते मी. ती दुसरी जुनी डिस्क काढली, पंचामृताने न्हाऊ घातली, हळदकुंकू लावून पान्याशेजारी मांडली.

"आई! हे काहून केलं? सब गया!"

"अरे, यंत्रच ना ते?"

"जाऊ द्या हो," तुझी आई म्हणाली, "त्यांना काय कळतं."

सगळ्यांना पटलं. अडाणी असण्याचा फायदा.

नवीत अर्धवटच उतरलं होतं, ती कुचकामी निघाली. आधी काढलेली जुनी सापडेना. आलोक म्हणतो, कबाडीवाल्याने नेली. तुझं बारसं, मुंज, सगळं गेलं म्हणून रडून राहिला. रडू दे.

त्या पेटीतून टीव्हीवर काय दिसायचं, ठाऊक आहे तुला? आजोबांचा दवाखान्यातला व्हिडिओ. नाकात नळी, अंगावर कापड नाही, नर्स पुसून राहिली अन् ते पाणी पाणी करून राहिले. फोनमध्ये जागा नव्हती म्हणून आलोकने पेटीत टाकला. जो येईल त्याला, "बाबूजी का आखिरी वीडियो देखिए." नवमीच्या आदल्या दिवशी शेजारची बेबीताई पोहे खात बघत होती. "बिचारे," म्हणाली, अन् वरून शेव मागितली. फॅक्टरीचा भोंगा व्हायच्या आत दाढी करणारा माणूस तो. बनियानशिवाय मलाही कधी दिसला नाही. चारदा सांगितलं, पुसून टाक. "आई, यादगार आहे." थू त्या यादगारीवर.

तर मला सगळं कळत होतं. पहिली जुनी डिस्क माझ्या तांदळाच्या डब्यात आहे. कोरडी आहे.

दिवाळीला ये. माझ्यासमोर बसून तो एक व्हिडिओ पूस, मग बाकीचं सगळं घे. बापाला आधी बोललास तर हिलाही आंघोळ. दूध-दही घरात असतंच.

मी त्यांना नवं धोतर नेसवून पाठवलं होतं. तसेच राहू देत.

तुझी अडाणी
आजी