कोणाचीच हरकत नाही

विहीणबाईंना सप्रेम नमस्कार.

('विहीणबाई' लिहिलं आणि पेन खाली ठेवून विचार करत बसले. कागदोपत्री आपण आता एकमेकींच्या कोणी लागत नाही. पण नुसतं 'बाई' म्हटलं तर भाडं थकवलेल्या भाडेकरणीला लिहितेय असं वाटतं, आणि 'मॅडम' म्हणावं तर तुम्हीच हसाल. तेव्हा दुसरा शब्द सापडेपर्यंत जुनाच गोड मानून घ्यावा.)

तुमचा गुडघा कसा आहे? जिने चढू नका असं डॉक्टरांनी बजावलंय ते पाळा, मग त्यांचा स्वतःचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर का असेना. रक्तदाबाची गोळी वेळेवर घेता, की 'घेतली वाटतं' म्हणून सोडून देता? माझं म्हणाल तर ठीक आहे. डोळ्याला अधूनमधून पाणी येतं. कापसाची धूळ जाते म्हणून येतं असं मी गिऱ्हाइकांना सांगते, आणि गाद्यांच्या दुकानात बसणाऱ्या बाईचं हे म्हणणं सहसा कोणी खोटं पाडत नाही. चिरंजीव बरे आहेत. म्हणजे जेवतात, कामावर जातात, परत येतात, 'आई, येताना काही आणू का?' विचारतात. याला बरं म्हणायचं असेल तर फारच बरे आहेत.

फोन न करता पत्र का, असं तुमच्या मनात आलं असेल. आपल्या तडजोडीच्या कागदात शेवटून दुसरं कलम आहे, चष्मा लावून वाचा: 'उभय पक्षांनी व त्यांच्या कुटुंबीयांनी यापुढे एकमेकांना फोन, निरोप अथवा भेट याद्वारे त्रास देऊ नये.' पत्राचा उल्लेख नाही. पत्र लिहिणारी माणसं अजून शिल्लक आहेत हे त्या लोकन्यायालयाच्या ध्यानात आलं नसावं. तेव्हा मी कायद्याला धरून लिहिते आहे. तुम्हीही कायद्याला धरून वाचा.

पुढचं बहुतेक तुम्हाला ठाऊक आहे. तरी क्रमाने लिहिते, कारण हे कसं झालं ते मला स्वतःलाच एकदा उलगडून बघायचं आहे. गादी उसवल्याशिवाय आत गाठी कुठे झाल्यात ते कळत नाही.

बाळ दवाखान्यातून घरी आलंच नाही. (मी शिवलेली लहान गादी दुकानात वरच्या फळीवर आहे. कापूस वाया कशाला घालवा म्हणून दोनदा उसवायला घेतली आणि दोन्ही वेळा नेमकं गिऱ्हाईक आलं. गिऱ्हाईक आलं नव्हतं.) त्यानंतर आमच्या घरात कोणी कोणावर आवाज चढवला नाही. आमचे चिरंजीव काचा बसवणारे. जरा जोर लागला की तडा जाणार, ही भीती हातात भिनलेली. तुमची लेक दातांच्या दवाखान्यात, दिवसभर लोकांना 'थोडंसंच दुखेल' सांगणारी. दोघांनी एकमेकांना असं जपलं की घरात वावरताना मलाच धाप लागायची. एकदा भाजीत मीठच नव्हतं. हा म्हणाला, "छान झालीय." मी म्हटलं, "अरे, अळणी आहे की." तर दोघंही माझ्याकडे असे बघायला लागले, जशी काही मी शिवी हासडली. तिने मिठाची बरणी माझ्यापुढे ठेवली. माझ्या एकटीच्याच. त्याने अळणी भाजी दोनदा मागून खाल्ली, आणि ती स्वतःच्या ताटाकडे बघत राहिली.

मग चार दिवस विश्रांतीला म्हणून ती तुमच्याकडे आली ती राहिलीच. हा आणायला गेला नाही, कारण तिला विश्रांती हवी असेल. ती आली नाही, कारण याला एकटं राहावंसं वाटत असेल. एकमेकांच्या मनातलं ओळखण्यात दोघांचा हात कोणी धरणार नाही, फक्त ओळखलेलं एकदाही बरोबर आलं नाही.

अशा वेळी माझा भाऊ उगवला. (जगातली अशी एकही अडचण नाही की जिच्यावर त्याच्याकडे सल्ला नाही. स्वतःच्या बायकोशी बोलणं मात्र बंद आहे.) म्हणाला, मोफत कायदा मदत केंद्रात अर्ज कर, दोन्ही बाजूंना बोलावतात, मध्यस्थ समजूत घालतात, फी नाही, तारखा नाहीत. मी म्हटलं, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. तर म्हणतो, "ताई, पायरीच नाहीये, तळमजल्यावर आहे." तुमचा गुडघा आठवला आणि मी हो म्हटलं.

तिथल्या कारकुनाने विचारलं, वादाचं स्वरूप काय? मारहाण? नाही. दारू? नाही. बाहेर काही? नाही. सासूचा जाच? (इथे त्याने माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं.) नाही. "मग वाद काय आहे, आजी?" मी म्हटलं, "वाद घालत नाहीत, हाच वाद आहे." त्याने 'इतर' या रकान्यात खूण केली. त्याच रकान्यात त्या दिवशी एकाचा गळका नळ आणि दुसऱ्याचा भुंकणारा कुत्रा बसला होता. आपल्या घरावर कोसळलेलं एवढं सगळं त्यांच्या शेजारी कसंबसं मावलं.

आणि मग लोकन्यायालयाचा तो दिवस. तुम्ही होतातच. मध्यस्थबाई बहुधा शाळेच्या मुख्याध्यापिका राहिलेल्या असाव्यात, कारण त्यांनी आपल्याकडे बघताच आपण दोघी उठून उभ्या राहिलो. 'वडीलधारी माणसं आत असली की भांडण वाढतं' म्हणून त्यांनी आपल्याला बाहेरच्या बाकावर बसवलं. (वाढलं असतं तर किती बरं झालं असतं!) समोरच्या भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलेलं: 'थोडं तुम्ही सोडा, थोडं ते सोडतील.' आमच्यात कोणी काही धरूनच बसलं नव्हतं, सोडणार काय कपाळ? शेजारच्या बाकावर ते दोघं भाऊ आठवतात? गटारावरून भांडणारे? "तुझ्या बारशालाच तुला उचलून नेऊन टाकायला हवा होता," असं थोरला म्हणत होता, आणि धाकटा, "तू कोण टाकणार, तुला तर मीच पोसलाय!" असं काहीतरी, ज्याचा हिशेब कुठूनही लागत नव्हता. घसा बसेपर्यंत भांडले आणि दुपारी एकाच छत्रीतून चहाला गेले. मला त्यांचा इतका हेवा वाटला की सांगता सोय नाही.

तिथेच, त्या बाकावर, आपण ती शक्कल काढली. ती कोणाची यावर आपलं एकमत होणार नाही. तुम्ही म्हणाल माझी, मी म्हणते तुमची, आणि एवढ्या एका बाबतीत मी थोडंसुद्धा सोडणार नाही. आपलं ठरलं की आपापल्या लेकराला नीट पढवून आत पाठवायचं: समोरचा जे म्हणेल त्याला हो म्हण. अडून बसू नकोस, हट्ट करू नकोस. एकाने मान तुकवली की दुसरा विरघळतोच, असं आपलं दोघींचं शास्त्र. दोघींचे मिळून एवढे पावसाळे बघून झाले, पण दोघांनीही एकाच वेळी मान तुकवली तर डोकी आपटतात हे एकीलाही सुचलं नाही.

आत एकेकाला वेगळं बोलावण्याची त्यांची रीत आहे. आधी चिरंजीव. मध्यस्थबाईंनी त्यांचा नेहमीचा प्रश्न विचारला: समजा तिला वेगळं व्हायचं असेल, तर तुमची काही हरकत? आईने पढवलेलं पोर म्हणालं, "तिची इच्छा असेल तर माझी हरकत नाही." मग तुमची लेक गेली. तिला सांगितलं, वेगळं व्हायला त्यांची हरकत नाही, तुमची? तुम्ही पढवलेलं पोर म्हणालं, "त्याला तसं हवं असेल तर माझीही नाही." झालं. दोघांपैकी कोणीही न मागितलेली गोष्ट दोघांनीही मान्य केली. मध्यस्थबाईंचे डोळे पाणावले म्हणे. इतकं समंजस जोडपं त्यांनी पाहिलं नव्हतं. न्यायाधीशांपुढे कागद वाचला. कोणाचा दबाव आहे का? नाही. राजीखुशीने? हो. शिक्का. दिवसातली पहिली तडजोड म्हणून फोटोसुद्धा काढला.

फाटकापाशी यांचं शेवटचं बोलणं काय झालं ते मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. तो म्हणाला, "रिक्षा बघू का?" ती म्हणाली, "नको, तुला उशीर होईल." कसला उशीर? त्या दिवशी त्याला जगात कुठेही जायचं नव्हतं.

रात्री तो मला म्हणाला, "तिला हवं होतं तसं झालं, आई." आणि तासाभरात तुमचा फोन, की लेक उशीत तोंड खुपसून हेच म्हणते आहे: त्याला हवं होतं तसं झालं. (तेव्हा आपण शेवटून दुसरं कलम वाचलेलं नव्हतं, म्हणून तो गुन्हा धरू नये.)

दुसऱ्या आठवड्यात मी तुम्हाला न सांगता केंद्रात जाऊन आले. 'यशस्वी तडजोडी' अशा फलकावर आपल्या पोरांचा फोटो लावला आहे. तुमच्या लेकीची पर्स याच्या खांद्याला आहे. सही करताना तिने धरायला दिली असणार. तिच्या बाजूने नेमलेल्या त्या फुकटच्या वकीलबाई भेटल्या, त्याच, नाकाला रुमाल लावलेल्या. सर्दी अजून तशीच. मी म्हटलं, हे रद्द करायचंय. त्या म्हणाल्या, "आजी, इथल्या निवाड्यावर अपील नसतं. फसवणूक झाली? धमकी दिली कोणी?" नाही. "मग रद्द कशावर करू?" मी म्हटलं, "दोघंही खोटं बोलले यावर." त्या म्हणाल्या, "खोटं बोलून जे हवं ते मिळवलं, तर गुन्हा. यांनी खोटं बोलून नको ते मिळवलं. त्याला कलम नाही."

मी उठले. दारापर्यंत आले तेव्हा त्यांनी हाक मारून परत बसवलं आणि एक गोष्ट सांगितली. ती तुम्हाला ठाऊक नाही. मलाही नव्हती. कागद लिहिताना एक ओळ होती: अपत्य. वकीलबाईंनी लिहिलं, 'नाही.' तेव्हा आमचा मुलगा म्हणाला, "'नाही'च्या ऐवजी 'होतं' असं लिहाल का?" त्या म्हणाल्या, तिथे आहे किंवा नाही एवढंच लिहितात. तो म्हणाला, "बरं." एवढंच. त्या दिवशी त्या खोलीत कोणी काही मागितलं असेल तर ते एवढं एकच. आणि तुमच्या लेकीने मान वर करून त्याच्याकडे बघितलं, बराच वेळ, पण तोवर त्याने मान खाली घातली होती. "मी तिथेच थांबायला हवं होतं," वकीलबाई म्हणाल्या, "पण बाहेर एवढी रांग होती." मग बराच वेळ नाक पुसत राहिल्या. निघताना म्हणाल्या, "कायद्याने ते दोघं आता परके आहेत, आजी. परक्या माणसांचं जसं करतात तसं करा."

असो. पत्र फार लांबलं. तुमच्याकडच्या उशा बसल्या असतील तर पाठवून द्या, पिंजून भरून देते. उशी फोनमध्ये मोडत नाही, निरोपात नाही आणि भेटीतही नाही. गुडघ्याला शेक देत जा. घरातल्या थोरांना नमस्कार, आणि जिला 'सूनबाई' म्हणायची मला आता सोय उरली नाही तिच्या डोक्यावरून माझ्या वतीने हात फिरवा.

तुमची,
(कोण ते वर लिहिलंच आहे)

ता. क. ताकाला जाऊन भांडं किती वेळ लपवू? तुमच्याकडे एक उपवर मुलगी आहे असं कळलं. आमच्याकडे मुलगा आहे. काचकामात तरबेज, निर्व्यसनी, उंची एवढी की तुमच्या मधल्या दाराची चौकट त्याच्या कपाळाला लागते (बर्फ तुम्हीच आणून दिला होता). मुलाचं एक लग्न झालेलं आहे, हे आधीच सांगते, मागाहून कुरकुर नको. पहिल्या बायकोबद्दल आजवर कोणाच्या तोंडून वावगा शब्द ऐकलेला नाही. तरी चौकशी करायची तर तुमच्या लेकीकडेच करा. देणंघेणं काही नाही. कायद्याची आडकाठी नाही, वकीलबाईंना मुद्दाम परत जाऊन विचारलं. अट एकच, मुलगी भांडणारी हवी. आमचा मुलगा अजून त्यात कच्चा आहे, पण मी रोज शिकवते आहे. काल भाजीत मीठ घातलं नाही. दोन घास खाल्ले, आणि मग 'अळणी आहे' म्हणाला. मला रडूच आलं.

ता. क. (दुसरा) मी हे स्थळ घातल्याचं त्याला माहीत नाही. विचारलं असतं तर 'तुला योग्य वाटेल ते' म्हणाला असता. ते मला ऐकायचं नव्हतं.

ता. क. (शेवटचा) मुलीला मात्र विचारा. ती 'तुमची इच्छा' म्हणाली, किंवा 'माझी हरकत नाही' म्हणाली, तर हे पत्र फाडून टाका, मी पुन्हा लिहिणार नाही. पण ती जर भडकली, 'त्याने एकदाही मला थांब का म्हटलं नाही' म्हणून ओरडली, हातातलं काही आपटलं, तर कलम गेलं चुलीत, तसाच फोन करा. आणि विहीणबाई, तिला शांत करायला जाऊ नका. तो तिथे पोचेपर्यंत तिला तशीच राहू द्या.