दगडावरची नावं

तीर्थरूप आप्पांना, चूक कबूल करणाऱ्या नंदूचा नमस्कार.

जर्मनीतल्या इंगोलश्टाटजवळच्या या गावात घर घेतलं, तेव्हा चर्चबाहेरच्या दगडावर कोरलेली नावं नि सालं मी तुम्हाला फोनवर वाचून दाखवली होती. ‘देणगीदारांची पाटी आहे,’ असं ठोकूनही दिलं. जन्मभर शाळेसाठी देणग्या मागत फिरलेले हेडमास्तर तुम्ही, केवढे खूश झालात! लेखनर हे आडनाव तीनदा आलं, तर म्हणालात, “दानशूर घराणं दिसतंय.” पुढे शाळेच्या भाषणातही सांगितलंत.

परवा शेजारच्या नव्वदीच्या, अविवाहित लेखनर आजी भेटल्या. मी कौतुकाने म्हटलं, “तुमच्या घराण्याने चर्चला किती दिलंय!”

आप्पा, ती युद्धावर गेलेली, परत न आलेली माणसं आहेत. नावापुढचं साल मरणाचं आहे. तिघेही लेखनर त्यांचे थोरले भाऊ. मी शरमेने अर्धमेली झाले. त्या शांतपणे म्हणाल्या, “आम्ही दिले नाहीत गं. नेले.”

मग त्यांनीच मला शनिवारी बोलावलं. वादळात पडलेल्या गावच्या जुन्या लिंडनच्या झाडाच्या जागी नवं रोप लावायचं होतं. रोप तुमच्या नातीने, अन्वीने धरलं, माती त्यांनी लोटली. शेजारी दोघींच्या नावाची छोटी पाटी लागली आहे.

हे पत्र टाकणार नाही. जूनमध्ये तुम्ही आलात की त्या दगडापुढे उभी राहूनच सांगेन. मग पाटी दाखवेन. तिथेही नावापुढे साल आहे, आप्पा. झाड लावल्याचं.

तुमची वाट बघणारी,
नंदू