लेतोच्या कळांचं कडवं

फिलो ताई,

अपोलो घरच्या सगळ्यांना सुखी ठेवो. मुलगी झाली. आम्ही दोघी सुखरूप आहोत. बाबांना एवढंच वाचून दाखव.

आता तुला खरं सांगते. कळा सुरू झाल्या तशी मला धक्क्यावर नेलं. डेलॉसवर कुणी जन्मायचं नाही, कुणी मरायचं नाही, हा अथेन्सचा हुकूम! मी कण्हले, तर त्यांचा अधिकारी म्हणतो, "आवाज नको, बेट पवित्र आहे."

मी म्हटलं, "अहो, अपोलो याच मातीत जन्मला ना? त्याच्या आईला, लेतोला, कुणी होडीत घातलं होतं?"

"देवांची गोष्ट वेगळी," तो म्हणाला. "आणि तू उत्सवासाठी रचलेल्या गाण्यातलं ते लेतोच्या कळांचं कडवं नको. ऐकवत नाही."

ऐकवत नाही म्हणे! ताई, तेवढ्यात मला होडीत घातलंसुद्धा. वारा सुटला होता. पलीकडचं रेनिया बेट गाठायच्या आतच पोर बाहेर आली. नावाड्याच्या बायकोने तिला आपल्या शालीत गुंडाळलं. उद्या कुणी विचारलं की ही कुठली, तर काय सांगू? समुद्रातली?

बाबांचा खोकला कसा आहे? वाढला तर शेजाऱ्यांना कळू देऊ नकोस. त्यांनाही होडीत घालतील. ते अंजीर खातात ना?

उत्सवात मुलींकडून ते कडवं गाऊन घे, अगदी मोठ्याने. कुणी जाब विचारला तर माझं नाव सांग. मला काय, त्यांनी बेटाबाहेर काढलंच आहे.

तुझी धाकटी,
मेलिता